हजेरी



मागच्या दोन मेळाव्यांना मी आलो नाही. काम आहे म्हणून कळवलं होतं. खरं कारण दारू. शेवटी माझा बाकावरचा शेजारी घरी आला, काही न बोलता गाडीत बसवून पुण्याला ‘मुक्तांगण’मध्ये घेऊन गेला. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं हे केंद्र. हातांची थरथर औषधाने थांबली, पण खरी परीक्षा घरी परतल्यावर. आता दर आठवड्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, पिणं थांबवायची इच्छा असली की पुरे. बाई, तुमच्या तासाला दांडी मारणारा मी तिथे एकदाही गैरहजर नाही! कुणाला, किंवा कुणाच्या घरात, गरज असेल तर जेवणानंतर मी मागच्या पिंपळाखाली आहे.