शिसं पेट्रोलमधून गेलं, मातीतून नाही

इंजिनाची ठकठक थांबावी म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालण्याची युक्ती 1921 साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना सापडली. 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात याच रसायनाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले, तरी वापर वाढतच गेला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला 2000 साल उजाडलं, अल्जीरियात तर 2021. इतका उशीर अक्षम्यच. शिशाविना इंजिनं बिघडतील ही ओरडही खोटी ठरली. शुद्धीकरण सुधारून, इथेनॉल मिसळून तेच काम भागतं.

‘मग आता चिंता कसली?’ असं कुणी म्हणेल. पण शिसं हा धातू आहे, तो कुजत नाही. बुऱ्हाणपुरातून जाणाऱ्या इंदूर-इच्छापूर मार्गासारख्या जुन्या, वाहत्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत तो दशकानुदशकं टिकू शकतो. रांगणारं मूल धुळीने माखलेली बोटं तोंडात घालतं, आणि वाढत्या मेंदूला थोडंसं शिसंही बाधतं. अमुक इतकं चालेल, अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. म्हणून बुऱ्हाणपुरातल्या रस्त्याकाठच्या घरांना आग्रहाची विनंती: ओट्यावरची धूळ कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा.