पाहुणा, घर आणि गाव



सौंसर आणि पांढुर्णा या भागांत दाराशी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावयाचे आणि नाव-गाव मागाहून विचारावयाचे, अशी जुनी रीत आहे. घरात जे शिजले असेल त्यातील वाटा पाहुण्यास मिळतो. ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत अथवा अंबाडीची भाजी यांबद्दल यजमान संकोच करीत नाही आणि पाहुणाही मानीत नाही. या आतिथ्याचे मोल पैशांत करण्याचा प्रसंग आजवर आला नव्हता. आता मात्र नवा पाहुणा येऊ लागला आहे. तो नात्याचा नाही, कामकाजासाठी आलेला नाही. तो केवळ गाव पाहण्यास, गावात दोन दिवस शांतपणे राहण्यास येतो आणि मुक्कामाचे पैसे देतो. या व्यवस्थेस ‘होमस्टे’ असे नाव रूढ झाले आहे. अशा पाहुण्याचे स्वागत करावे काय, आणि करावयाचे तर ते कोणत्या रीतीने, हा आजचा विचाराचा विषय आहे.

शेजारचे उदाहरण

हा विचार परका नाही. पांढुर्णा व सौंसर हे तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्या वर्षी त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच जुन्या छिंदवाडा जिल्ह्यात उत्तरेस तामियाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील पाताळकोटच्या खोल दरीत भारिया समाजाची बारा गावे वसलेली आहेत. त्याच जिल्ह्यातील सावरवानी या आदिवासी गावाने आपल्या घरांत पाहुणे ठेवण्यास आरंभ केला. मातीच्या भिंती, सारवलेले अंगण, चुलीवरचा स्वयंपाक, बैलगाडीतून शेताकडे फेरी, एवढेच तेथे पाहुण्यास मिळते. भारत सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने २०२४ मध्ये उत्कृष्ट पर्यटन ग्राम स्पर्धेत जबाबदार पर्यटनाच्या वर्गात या गावाचा गौरव केला. गावाने हॉटेल बांधले नाही, आपले घर नीटनेटके ठेवले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

सौंसरपासून आणखी जवळ मोहखेड भागात देवगड आहे. गोंड राजांची ही जुनी राजधानी. याच घराण्यातील बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्यांतून नागपूर शहर वसविले. ज्या नागपूरकडे येथील तरुण रोजगारासाठी धाव घेतो, त्या शहराचा जन्म अशा रीतीने या डोंगरातील राज्यकर्त्यांच्या हातून झाला आहे. देवगडास आठशे विहिरी आणि नऊशे बारवा होत्या, असे लोक सांगतात. आकडा कसाही असो, तेथील जुन्या बारवा आजही पाहावयास मिळतात. मुक्कामास येणाऱ्या पाहुण्यास असा इतिहास गावच्या माणसाच्या तोंडून ऐकावयास मिळाला, तर ती त्याची खरी कमाई होय.

दूरचे उदाहरण

व्हिएतनाम देशात हनोई शहराच्या नैऋत्येस माई चाऊ नावाचे खोरे आहे. तेथे थाई वंशाचे शेतकरी राहतात. ते थायलंडचे नागरिक नव्हेत. व्हिएतनाममध्ये पिढ्यान्पिढ्या वसलेला तो एक समाज आहे. भातशेती हा त्यांचा व्यवसाय. त्यांची लाकडी घरे खांबांवर उचललेली असतात; पाहुण्यांची अंथरुणे वरच्या मोठ्या दालनात एका ओळीने घातली जातात आणि वर मच्छरदाणी बांधली जाते. घरातील स्त्रिया मागावर नक्षीदार कापड विणतात. त्यातील लाक या गावाची कीर्ती होताच पाहुण्यांची रीघ लागली. घरोघरी खालच्या मोकळ्या जागेत दुकाने लागली. उत्पन्न वाढले, परंतु ज्या शांततेसाठी लोक येत होते तीच विरळ झाली, आणि शांतता शोधणारा प्रवासी पुढच्या गावाकडे वळू लागला. कमाई आणि शांतता यांचा तोल राखणे हेच या व्यवसायातील अवघड काम आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

आपल्याकडे काय आहे

पांढुर्ण्याचे नाव बाहेर निघाले की लोकांना एकच गोष्ट आठवते : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये होणारी गोटमार. त्या दिवशी अफाट गर्दी लोटते, माणसे जखमी होतात, काही वर्षी प्राणही गेले आहेत. सायंकाळी गर्दी परत जाते. ती गर्दी येथील घरे पाहत नाही, येथील माणसांशी बोलत नाही. एका दिवसाच्या दगडांवरून एका मुलखाची ओळख ठरावी, ही खेदाची बाब आहे.

उरलेल्या दिवसांत या मुलखात दाखविण्यासारखे पुष्कळ आहे. संत्र्याची बाग हे त्यातील पहिले. जानेवारी-फेब्रुवारीत अंबिया बहार फुलतो तेव्हा बागेत शिरताच सुगंध येतो. त्याची फळे पावसाळा सरता सरता तोडणीस येऊ लागतात. मृग बहार पावसाच्या आरंभी फुलतो आणि त्याची फळे फेब्रुवारीपासून हाती येतात. झाडास ताण कसा देतात, पाणी केव्हा सोडतात, तोडणी व प्रतवारी कशी होते, हे शहरातील मुलास पुस्तकातून कळत नाही. सौंसर तालुक्यातील जामसावळी येथे पहुडलेल्या हनुमानाच्या दर्शनास दूरदूरचे भाविक येतात. त्यांतील काही कुटुंबे एक रात्र जवळच्या गावी राहू शकतील. शिवाय येथे घराघरांत मराठी आणि कचेरीत हिंदी चालते. दोन भाषांचा हा सहवास म्हणजेही एक ठेवा आहे. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरील स्थानक असल्याने येण्याजाण्याची सोय आहे.

कोणते नियम हवेत

पहिली गोष्ट म्हणजे घरातील स्त्रीच्या श्रमांची. पाहुणा वाढला की पाण्याच्या खेपा वाढतात, भाकऱ्या वाढतात, अंथरुणे-पांघरुणे धुण्याचे काम वाढते. हे सर्व काम तिचे आणि पैसे घेणारा हात दुसऱ्याचा, असे होता कामा नये. मुक्कामाची रक्कम तिच्या नावाच्या खात्यात जमा व्हावी आणि पाहुणा ठेवण्यास तिची संमती आधी घ्यावी.

दुसरी गोष्ट पाळीची. रस्त्यालगतचे पक्के घर सर्व पाहुणे घेऊन जाते आणि आतल्या गल्लीतील घर रिकामे राहते. त्यातून हेवा उत्पन्न होतो. म्हणून घरांची पाळी लावावी, दर सर्वांचे सारखे ठेवावेत आणि प्रत्येक मुक्कामातील काही भाग गावनिधीत टाकावा. त्यातून गावाची स्वच्छता व पाण्याची व्यवस्था राखता येईल.

तिसरी गोष्ट प्रतिष्ठेची. गाव हे प्रदर्शन नव्हे. विचारल्यावाचून कोणाचे छायाचित्र घेऊ नये. पाहुण्यासाठी पूजा अथवा नाच अवेळी मांडू नये. दारूच्या सोयीसाठी येणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. पाहुण्यास स्वच्छ शौचालय, गाळलेले पाणी आणि धुतलेले पांघरूण मिळालेच पाहिजे. परंतु वातानुकूलित खोली आणि बाजारचे पक्वान्न यांसाठी कोणी कर्ज काढू नये. शेती हा मुख्य व्यवसाय राहावा आणि पाहुण्याचे उत्पन्न जोडधंदा म्हणून असावे. पाऊस पडला नाही अथवा संत्र्याचा भाव कोसळला, तर त्या वर्षी या जोडधंद्याचा आधार होईल. पण शेत विकून खोल्या बांधणाऱ्यास पाहुणे आले नाहीत तर दोन्हीकडून नुकसान सोसावे लागेल.

प्रत्येकाचे काम

या कामी ग्रामसभेने पुढाकार घ्यावा. किती घरे, किती पाहुणे, कोणते महिने, हे तिने ठरवावे आणि दरवर्षी त्याचा फेरविचार करावा. अधिकाऱ्यांनी नोंदणी व प्रशिक्षण गावापर्यंत आणावे आणि पाहुण्यांच्या संख्येवरूनच यश मोजू नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील विहिरी, झाडे, जुनी घरे, म्हणी आणि वृद्धांच्या आठवणी यांची वही तयार करवून घ्यावी. आपल्या गावाविषयी चार गोष्टी अभिमानाने सांगू शकणारा मुलगा अथवा मुलगी हाच उत्तम मार्गदर्शक होय.

पाहुणा दोन दिवसांनी निघून जातो. गावास मात्र तेथेच राहावयाचे असते. म्हणून पाहुणा परतल्यावर घरात चार पैसे आले काय, याबरोबरच घरातील माणसे पूर्वीइतकीच मोकळेपणी अंगणात बसतात काय, हेही पाहिले पाहिजे. ही दुसरी गोष्ट टिकली, तर दाराशी येणाऱ्यास आधी पाणी देण्याची येथील रीतही टिकेल.