मसलतीत कोण बसते?



मी थेट या परिषदेपुढील प्रश्नाकडे वळतो: सरकार, खासगी व्यवसाय आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून एखाद्या शहराची योजना आखावयाची, तर त्या मसलतीत प्रथम कोणाला बसवावे?

१९९३ साली नगरपालिकांविषयीची ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तीन लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली. त्याच वर्षी पुण्यात, उकिरड्यावरचा कागद, काच आणि पत्रा वेचून संसार चालविणाऱ्या, बहुतांशी दलित समाजातील स्त्रियांनी कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने आपली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली. नगरनियोजनाला या दुसऱ्या घटनेने पहिलीपेक्षा अधिक शिकविले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे २०००च्या घनकचरा नियमांनी घरोघरचा कचरा वेगळा करून गोळा करण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली, तेव्हा सारे काम एखाद्या ठेकेदाराच्या मोटारींवर सोपवून या स्त्रियांची भाकरी हिरावून घेणे सहज शक्य होते. परंतु पुणे महानगरपालिकेने २००८ साली कचरावेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करारनामा केला. वेचक बाई दारोदार जाऊन ओला व सुका कचरा घेते, घरमालक तिला दरमहा शुल्क देतो, सुक्यातले विकाऊ ते ती भंगारवाल्याला विकते, तेथून ते कारखान्यात जाते, आणि साधनांची व देखरेखीची तजवीज पालिका करते. सरकारी दप्तर, गृहसंस्था, दुकानदार, कारखानदार, संघटना हे सारे या साखळीत आहेत. पण साखळी जोडली गेली ती वेचक बाईच्या ज्ञानाने, कारण कोणते प्लास्टिक विकले जाते आणि कोणते वाया जाते, हे हातात चुरगळताच आवाजावरून ओळखणारी व्यक्ती कोणत्याही अभियंत्याच्या कचेरीत बसत नाही.

तथापि हे चित्र निर्दोष नाही. करार मुदतीचा असतो, आणि मुदत संपत आली की वेचकांच्या कुटुंबांचे भवितव्य नव्या ठरावावर टांगले जाते. त्याहून गंभीर उणीव मला दिसते ती पुण्यालगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांची: शहराचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात टाकला गेला, ज्यांच्या विहिरींचे पाणी बिघडले, त्या ग्रामस्थांना गाड्या अडवून आपले म्हणणे ऐकवावे लागले, कारण योजना ठरली तेव्हा त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ज्याच्या दारी योजनेचा भार येऊन पडतो, त्याला वगळून झालेला करार मी भागीदारी मानीत नाही, मग त्यावर कितीही मान्यवरांच्या सह्या असोत.

मी स्वतः एका नगरातील बैठकीला उपस्थित होतो, जेथे मसुदा आधीच छापून तयार होता आणि वस्तीतील स्त्रियांना केवळ सत्कारासाठी बोलाविले होते. त्यांतील एकीने हार घेतला, आणि मसुदा वाचून दाखवा म्हणून हट्ट धरला. तो वाचताना चार ठिकाणी दुरुस्त करावा लागला.

उद्याच्या सत्रात या परिषदेचा ठराव चर्चेला येणार आहे. योजनेचा पहिला मसुदा वस्तीत, वस्तीच्या भाषेत वाचून दाखविल्याशिवाय कोणताही करारनामा वैध समजू नये, एवढे एक कलम आपण त्यात घालावे, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.