रंग काळाचा की कारागिराचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या आधी भांडी घासायला निघाली, की आमच्या धुळ्याच्या घरी आजीच्या लाकडी पेटीतली एक पुरचुंडीही बाहेर यायची. तिच्यात लक्ष्मीपूजनाचे अकरा रुपये असत. राणीछाप आणि राजाछाप. काळसर पडलेले, काठाला निळीजांभळी झाक असलेले. सातवीत असताना मी ते सगळे चिंच आणि चुलीतली राख लावून लख्ख घासले. शाबासकी मिळेल असे वाटले होते. आजीने एक रुपया उलटसुलट करून पाहिला आणि एवढेच म्हणाली, "रुप्या काया पडना तं समजानं, चांदी खरी शे."

तिच्या बोलण्यातले शास्त्र मला पुढे रसायनशास्त्र शिकवू लागल्यावर कळले. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर अगदी पातळ असतो तेव्हा सोनेरी दिसतो. जाड होत गेला की तांबूस, जांभळा, निळा आणि शेवटी काळा. हा रंग लावलेला नसतो. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरींचा तो खेळ असतो. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसतो, तसाच. १९४७ चा रुपया निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक चिकटतो, पण ही झळाळी त्याच्यावर चढत नाही.

जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. जळगावच्या सराफ बाजारात मोडीला नेलात, तर तराजूला काळा रुपया आणि उजळ रुपया सारखाच. नाणी जमवणाऱ्याचा हिशेब मात्र उलटा. त्याच्या दृष्टीने तो रंग म्हणजे नाण्याला कोणी घासले नाही याची साक्ष. सुंदर रंग चढलेल्या नाण्याला जास्त पैसे मिळतात, आणि जिथे जास्त पैसे, तिथे नक्कल आलीच. कोणी नाणे उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात बंद करतो, कोणी गंधकाच्या द्रावणात बुडवतो, कोणी तापवतो. पन्नास वर्षांचे काम एका रात्रीत उरकते.

निवृत्तीनंतर एका प्रदर्शनात मीही फसलो. पंचम जॉर्जचा मोरपंखी निळा रुपया पाहिला आणि विक्रेता सांगेल ती किंमत मोजली. घरी येऊन भिंग लावले, तेव्हा शंका आली. नैसर्गिक रंग बहुधा काठाकडून आत येतो आणि सोनेरी, जांभळा, निळा अशा क्रमाने मिसळत जातो. अक्षरांच्या आडोशाला त्याची छटा बदलते. सातपुड्याकडच्या बायकांच्या गळ्यातल्या रुपयांच्या माळा पाहा. उंचवटे अंगाला, कपड्याला घासून उजळ राहतात आणि काळेपणा खोबणीत साचतो. माझ्या नाण्यावर राजाच्या झिजलेल्या गालापासून खोल खोबणीपर्यंत एकच निळा. चक्क ताज्या ओरखड्यातही तोच निळा!

तरीही एक कबूल केले पाहिजे. दोन्हीकडे रसायन एकच, सिल्व्हर सल्फाइड. त्यामुळे अशी हमखास कसोटी नाही, की नाणे टाकले आणि निकाल लागला. जाणकारही कधी कधी चकतात.

मित्र म्हणाला, "पुढच्या प्रदर्शनात देऊन टाक कोणाला तरी." मोह झाला. पण मग माझ्यात आणि त्या विक्रेत्यात फरक तो काय राहिला? मी पाकिटावर लिहिले, 'रंगवलेला. विकू नये.' आता तो रुपया मुलांना शिकवायला उपयोगी पडतो.

मुले विचारतात, मागाहून नाण्यावर काही करणे वाईटच का? मी त्यांना आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीची गोष्ट सांगतो. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. नाणे बदललेच, पण उघडपणे. त्या ठशाने आपल्याला इतिहास सांगितला. रंगवलेला रुपया मात्र न घडलेला इतिहास सांगतो. खोट आहे ती तिथे.

तेव्हा घरात जुने रुपये असतील, तर चिंच, राख, टूथपेस्ट यांपासून त्यांना दूर ठेवा. रबरबँडात बांधू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका; दोन्हींत गंधक असते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. नाणे काठाला धरा आणि कोरड्या जागी ठेवा.

आजीचे ते अकरा रुपये आज माझ्याकडे आहेत. राखेचे ओरखडे भिंगाखाली अजून दिसतात. ते आता जायचे नाहीत. पण गेल्या दिवाळीला पुरचुंडी सोडली, तेव्हा एका रुपयाच्या काठावर पुसटशी सोनेरी कड आलेली दिसली. मी तो तसाच पूजेला ठेवला.