कायद्याच्या दाराशी उभी असलेली आपली मुले



मी परिचारिका, वकील नव्हे. तरीही आज कायद्याच्या शिक्षणाविषयी बोलण्यास उभी आहे, कारण गेल्या वर्षभरात दोन कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला. मुलाला कायदा शिकावयाचा आहे. ए-लेव्हलचे गुण बेताचे आहेत. आणि कोवळ्या वयात हातून घडलेल्या एका गोष्टीची पोलिसांकडे नोंद आहे. दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी सल्लाही एकच दिला होता : ‘कुठे काही लिहू नकोस, कोणाला कळणार आहे?’ हा सल्ला मायेपोटी दिलेला असला तरी घातक आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

येथे दारे दोन आहेत : एक विद्यापीठाचे, दुसरे व्यवसायाचे. पहिले दार आपण समजतो त्याहून रुंद आहे. विद्यापीठांचे अर्ज ‘यूकास’मार्फत जातात. पूर्वी त्या अर्जात प्रत्येकाला गुन्ह्यांविषयी विचारीत. 2019 च्या प्रवेशांपासून तो प्रश्न वैद्यकी, परिचर्या, अध्यापन अशा काही अभ्यासक्रमांपुरताच उरला. कायद्याच्या पदवीसाठी ‘यूकास’ तो विचारीत नाही. एखादे विद्यापीठ पुढे स्वतः विचारू शकते. विचारल्यास खरे उत्तर द्यावे.

गुणांचेही तसेच. ओपन युनिव्हर्सिटीत कायद्याची पदवी घेण्यास ए-लेव्हलची अट नाही. प्रौढ विद्यार्थ्यांसाठी ‘ॲक्सेस’ पदविका आहे. शिवाय 2021 पासून सॉलिसिटर होण्याची नवी परीक्षापद्धती आली. तिच्यात पदवी कोणत्याही विषयाची चालते. दोन टप्प्यांची परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. हा अनुभव गरिबांना सल्ला देणाऱ्या कायदा-केंद्रात विनावेतन काम करूनही मिळविता येतो.

खरी कसोटी दुसऱ्या दाराशी आहे. 1974 च्या कायद्यानुसार बहुतेक शिक्षा ठराविक मुदतीनंतर इतिहासजमा होतात, आणि सामान्य नोकरीत त्या सांगाव्या लागत नाहीत. परंतु सॉलिसिटर, बॅरिस्टर आणि आम्ही परिचारिका या सवलतीस अपवाद आहोत. ज्यांच्या हाती लोक आपला जीव किंवा आपली मालमत्ता सोपवितात, त्यांना अधिक विचारले जाते. काही जुन्या, किरकोळ नोंदी येथेही वगळल्या जातात. पण आपली नोंद त्यांत बसते की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. जाणत्याकडून ते लेखी समजून घ्यावे.

सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी प्रत्येक उमेदवाराचे चारित्र्य तपासते. तुरुंगवासाची शिक्षा, ती स्थगित असली तरी, किंवा अप्रामाणिकपणाचा गुन्हा असेल, तर नकाराची शक्यता मोठी. इतर गुन्ह्यांत परिस्थिती, वय, लोटलेला काळ आणि नंतरचे वर्तन पाहिले जाते. झालेली गोष्ट लपविणे मात्र स्वतंत्र अप्रामाणिकपणा ठरतो. जी नोंद कदाचित क्षमा झाली असती, तीच लपविल्यामुळे दार बंद करू शकते. वॉर्डात आम्ही जाणत असू की रुग्णाने पूर्वेतिहास अर्धाच सांगितला तर उपचार चुकतो. येथेही तेच आहे.

म्हणून माझी सूचना अशी : वर्षाला नऊ हजार पौंडांहून अधिक शुल्क भरण्यापूर्वी दुसऱ्या दाराची चौकशी करावी. या संस्थेकडे आपल्या चारित्र्याचा निर्णय आधीच मागता येतो. बॅरिस्टर व्हावयाचे असल्यास प्रशिक्षणापूर्वी चारपैकी एका ‘इन’चे सभासद व्हावे लागते, आणि तेथेही सर्व सांगावे लागते.

हे दार किती कठोर असते, याचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. गांधीजी 1891 मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले; 1922 मध्ये राजद्रोहाची शिक्षा होताच त्याच संस्थेने त्यांचे नाव काढून टाकले, आणि 1988 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, पुन्हा घातले. आपल्या मुलांना एवढी वाट पाहता येणार नाही! पण दुसराही दाखला आहे. खाणकामगाराचे पुत्र गॅरी बेल परीक्षा उत्तीर्ण न होताच शाळेतून बाहेर पडले. तरुणपणी फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरले. पुढे शिकून त्यांनी ब्रिस्टलमध्ये कायदा घेतला, बॅरिस्टर झाले, आणि 2012 मध्ये क्वीन्स कौन्सेल हा मान मिळविला.

शेवटी आपल्या समाजाविषयी. अशा अर्जासोबत उमेदवाराचा भूतकाळ ठाऊक असलेल्या माणसांची पत्रे मोलाची ठरतात. अशी पत्रे कोण देणार? आपणच. पण ज्या मुलाची गोष्ट ऐकताच आपण कुजबुज सुरू करतो, तो आपल्यापाशी येईलच कशाला? पश्चात्ताप केलेल्याला त्याचे पूर्वकर्म आठवून देऊ नये, हा आपल्या ज्ञानी पुरुषांचा दंडक आहे. तो पाळू या. मुलांना ‘लपव’ म्हणण्याऐवजी ‘सांग, मी सोबत येतो’ असे म्हणू या, आणि पत्रावर आपली सही करू या.