पीक खाणारं हरिण गोष्टीत आणा



अध्यक्षानं पहिली दहा मिनिटं आभारात घालवायची असतात. स्वागताध्यक्षांनी ते काम माझ्या वाट्याचंही उरकलेलं दिसतंय, तेव्हा मी सरळ भांडायला उभा राहतो.

सकाळच्या परिसंवादात सूर निघाला, की मूल आणि रानटी प्राणी यांच्या मैत्रीच्या साहसी कादंबऱ्या मराठीत कमी आहेत. कमी आहेत हे खरं. पण ज्या आहेत त्यातल्या बऱ्याच खोट्या आहेत, आणि माझं दुखणं ते आहे. ठरलेला साचा असतो. पोरगं सुट्टीत मामाच्या गावाला येतं. गावामागं घनदाट जंगल. जंगलात पिल्लू सापडतं, मग शिकाऱ्यांची टोळी येते, पोरगं ती पकडून देतं आणि कलेक्टरसाहेब पाठ थोपटतात. शिरूर अनंतपाळच्या पोरानं हे घनदाट जंगल कुठं शोधायचं? लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्कासुद्धा भरत नाही. वडवळच्या बेटावर औषधी वनस्पती बघायला शाळेची सहल जाते, तेवढंच आपलं नावाजलेलं रान.

म्हणून आपल्या पोरांना रानटी जनावर ठाऊक नाही, असं मात्र मला कुणी सांगू नका. काळवीट जंगलाचं जनावरच नव्हे. ते उघड्या माळाचं. लांडगाही माळाचाच. आणि माळ सरकारी कागदावर पडीक म्हणून चढला, नांगराखाली गेला, प्लॉटिंगमध्ये गेला, तेव्हा ही जनावरं गेली कुठं? तुमच्या माझ्या रानात आली. सोयाबीन दोन पानांवर आली की पहाटे कळप उतरतो. कोवळा शेंडा तेवढा खुडतो आणि पुढं सरकतो. शेंडा गेलेली रांग उन्हं वर आल्यावर दिसते, तवर कळप दुसऱ्या शिवारात. मग दुबार पेरणी. दुबार पेरणीला बियाणं उधारीवर आणावं लागतं, हे शहरातल्या बालसाहित्यिकाला मुद्दाम सांगावं लागेल. पुढं हरभरा आणि तूर आहेच. बाप बांधाला बायकोच्या जुन्या साड्या बांधतो, रिकाम्या बाटल्या टांगतो, कर्ण्यावर कुत्रं भुंकल्याचं रेकॉर्डिंग लावतो. चार दिवसांत हरणं त्या आवाजाला सरावतात आणि शेजाऱ्याची झोप तेवढी जाते. ऐपत असली तर झटका मशीन येतं. नुकसानीचा अर्ज, फोटो, पंचनामा, हे सगळं करून पैसे हातात पडतील तेव्हा खरे.

आणि त्याच घरातलं पोरगं बापाबरोबर राखणीला जातं. तूर ओलांडताना काळविटानं घेतलेली झेप एकदा बघतं आणि दिवसभर शाळेत तेच सांगत सुटतं. बाप ज्या जनावराला शिव्या देतो, त्याच जनावराच्या नादी पोरगं लागलंय. अहो, कादंबरी याला म्हणतात! ती बांधावर पडलेली आहे. आपले लेखक तिला ओलांडून ताडोब्याला जातात.

आता मोगली. रुडयार्ड किपलिंग मुंबईत 1865 साली जन्मला, त्याचं 'जंगल बुक' 1894 साली आलं, आणि गोष्टी घडतात त्या आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला, सिवनीच्या रानात. मोगली सगळ्यांना पाठ आहे. पण दुसऱ्या भागात मोगली काय करतो, ते किती जणांनी मुलांना वाचून दाखवलं? ज्या गावानं त्याला हाकललं, त्या गावाच्या शेतात तो हरणं, डुकरं, रोही आणि शेवटी हत्ती घालतो. उभी पिकं जातात, साठवलेलं धान्य जातं, माणसं गाव सोडून निघून जातात, आणि वाचणाऱ्या पोरानं टाळ्या वाजवायच्या. किपलिंग मोठा लेखक, त्याबद्दल माझा वाद नाही. पण त्या गावातल्या एखाद्या पोराच्या डोळ्यांनी ही गोष्ट सांगावी, असं सव्वाशे वर्षांत आपल्यापैकी कुणाला वाटलं नाही, याची मला लाज वाटते. ते पोरगं आपलं आहे. ते आत्ता समोर बसलंय.

कुणी म्हणेल, मुलांच्या पुस्तकात असलं कठोर कशाला? मी 'पाडस' पुढं करतो. मार्जोरी रॉलिंग्जची ही कादंबरी 1938 सालची, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं, आणि 'सत्यकथे'चे राम पटवर्धन यांनी ती मराठीत आणली. फ्लोरिडाच्या खुरट्या रानातलं गरीब शेतकऱ्याचं घर. बापाला साप चावतो, विष ओढून घ्यायला तो एक हरिणी मारून तिचं काळीज जखमेला लावतो, आणि तिचं पोरकं पाडस जोडी नावाचं पोरगं घरी आणतं. पाडस मोठं होतं आणि मक्याचे कोंब खातं. जोडी पुन्हा पेरतो. उंच कुंपण घालतो. हरिण कुंपणावरून उडी मारतं. शेवटी आईच्या गोळीनं जखमी झालेल्या त्या हरणावर शेवटची गोळी पोरालाच झाडावी लागते. दुबार पेरणी, कुंपण, आणि उडी! फ्लोरिडातल्या बाईला जे कळलं ते लातूर जिल्ह्यातल्या लेखकाला कळत नाही, याला मी काय म्हणू?

आमच्या भागातल्या एका शिक्षकानं अशी गोष्ट लिहिली होती. मी ती वाचली आहे. एका प्रकाशकाकडून उत्तर आलं, की हरिण पीक खातं तो भाग गाळा, मुलांच्या मनावर वाईट परिणाम होईल. ज्या पोरानं खुडलेली सोयाबीन आणि बापाचं तोंड एकाच सकाळी पाहिलंय, त्याच्या मनाची काळजी हे घेणार!

उलट वाईट परिणाम कशाचा होतो ते मी सांगतो. गोष्टीतला नायक शेतात एकटं पडलेलं पाडस उचलून घरी आणतो, बाटलीनं दूध पाजतो, आणि आपण म्हणतो, किती हळवा मुलगा. काळविटाची मादी पिल्लाला पहिले काही दिवस गवतात, पिकात दडवून ठेवते आणि पाजायला परत येते. ते टाकलेलं नसतं, लपवलेलं असतं. तुमच्या नायकानं आईच्या तोंडचं लेकरू पळवलंय. शिवाय काळवीट घरी पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. ज्यानं राखण केली नाही त्यानंच असलं लिहावं.

माझ्यावर लगेच शिक्का मारू नका, की अध्यक्ष हरणांच्या मुळावर उठले. गोळ्या घाला म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. माळ आपण खाल्ला आणि तुरीसाठी हरणावर रागावलो, हेही त्या कादंबरीत आलं पाहिजे. हेमलकशाची हकिगत आठवा. तिथल्या माडिया माणसांनी पोटासाठी माकडीण मारली होती, पिल्लू तिला चिकटून होतं. प्रकाश आमट्यांनी भाषण ठोकलं नाही. धान्य दिलं आणि पिल्लू मागून घेतलं. तिथूनच ते प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं, विलास मनोहरांचं 'नेगल' हे पुस्तकसुद्धा त्याच अंगणातलं. भूक आणि माया एकाच वाक्यात आली की लेखन असं उभं राहतं.

आणि आपल्याकडं माणसं नाहीत, ही सबब चालणार नाही. 2022 साली उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे होते. मुलांसाठी लिहिलेल्या त्यांच्या साहसी कादंबरीला पुढं साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्याच्या पुढच्याच वर्षी तो नांदेडच्या सुरेश सावंतांच्या कवितेला मिळाला. हात आहेत, कसब आहे. रानाकडं बघायचं तेवढं राहिलंय.

संयोजकांनी माझ्यापुढं ठराव ठेवलाय : 'मुलांमध्ये प्राणिप्रेम रुजवणाऱ्या साहित्याची निर्मिती व्हावी.' हा मी असाच वाचून दाखवणार नाही. आमच्या पोरांत प्रेम उगवलेलंच आहे, ते रुजवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. माझी दुरुस्ती अशी, की या तालुक्यातल्या शाळांनी राखणीला जाणाऱ्या मुलांकडून त्यांच्या रानातल्या जनावरांच्या हकिगती लिहून घ्याव्यात, शुद्धलेखन न सुधारता, आणि पुढच्या मेळाव्यात व्याख्यानांच्या आधी त्या वाचल्या जाव्यात. अध्यक्षाच्या भाषणाच्याही आधी.

दुरुस्ती मांडली आहे. अनुमोदन कोण देतंय?