उद्दिष्ट कोणाचे? पूर्वप्राथमिक विशेष शिक्षणातील प्रगतीचे मोजमाप

अमेरिकेत विकासात अडथळे असलेल्या बालकांना वयाच्या तिसऱ्या वर्षापासून मोफत आणि योग्य शिक्षण देणे ही राज्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. १९७५च्या कायद्याने अपंग मुलांना सरकारी शाळांचा हक्क दिला आणि १९८६च्या दुरुस्तीने तो तीन ते पाच वर्षांच्या बालकांपर्यंत नेला. १९९० साली या कायद्याचे नाव ‘इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन अ‍ॅक्ट’, संक्षेपाने ‘आयडिया’, असे झाले. २००४च्या फेरमंजुरीनंतर प्रत्येक राज्याला कामगिरीचा आराखडा करून त्यात मोजता येतील अशी उद्दिष्टे मांडावी लागतात आणि दरवर्षी संघीय शिक्षण खात्याला अहवाल द्यावा लागतो. सेवा दिली एवढे सांगून भागत नाही, त्या सेवेने मूल किती पुढे गेले हेही दाखवावे लागते.

ही उद्दिष्टे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार नियमपालनाचा. तीन वर्षांआधी शीघ्र हस्तक्षेपाची सेवा घेणारे मूल पुढील शिक्षणास पात्र ठरले, तर तिसऱ्या वाढदिवसापर्यंत त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा लागू व्हावा लागतो. येथे उद्दिष्ट १०० टक्केच असते आणि ते केंद्राने ठरवलेले असते. दुसरा प्रकार परिणामांचा. त्यातले आकडे राज्याने स्वतः ठरवायचे असतात. बालकांची प्रगती या दुसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून आकडा ठरवणाऱ्यांची जबाबदारीही येथे मोठी असते.

मोजमाप तीन अंगांनी होते. सामाजिक-भावनिक कौशल्ये हे पहिले अंग, भाषा आणि संवादासह ज्ञान मिळवणे व वापरणे हे दुसरे, आणि आपल्या गरजा योग्य रीतीने भागवणे हे तिसरे. बहुतेक राज्यांत पालक, शिक्षक आणि उपचारतज्ज्ञ एकत्र बसून प्रत्येक अंगासाठी बालकाला १ ते ७ या श्रेणीत स्थान देतात. ६ किंवा ७ म्हणजे वयाला अनुरूप. प्रवेशाच्या वेळी एकदा आणि सेवा संपताना पुन्हा एकदा ही नोंद होते. किमान सहा महिने सेवा घेतलेल्या बालकांचाच हिशेब धरतात.

दोन नोंदींची तुलना करून बालके पाच गटांत विभागली जातात. सुधारणा न झालेली बालके ‘अ’ गटात जातात. सुधारली, पण समवयस्कांच्या जवळ सरकली नाहीत ती ‘ब’ गटात. जवळ आली, तरी बरोबरी गाठू शकली नाहीत ती ‘क’मध्ये आणि बरोबरी गाठली ती ‘ड’मध्ये. सुरुवातीपासून बरोबरीत राहिलेली ‘इ’ गटात येतात. प्रवेशाच्या वेळी ३वर असलेले मूल बाहेर पडताना ५वर पोहोचले, तर ते ‘क’ गटात जाते. नवी कौशल्ये शिकूनही ते ३वरच राहिले, तर ‘ब’ गटात. या दुसऱ्या मुलाची प्रगतीही खरी असते. समवयस्कही त्याच काळात पुढे गेलेले असतात, त्यामुळे अंतर मात्र कमी होत नाही.

या गटांतून दोन टक्केवाऱ्या निघतात आणि उद्दिष्टे त्यांच्यावरच बेतलेली असतात. समजा, १०० बालकांपैकी अनुक्रमे २, १८, ३०, ३० आणि २० बालके या पाच गटांत आहेत. वयापेक्षा मागे राहून आलेल्या ८० बालकांपैकी क आणि ड मिळून ६० जणांनी वाढीचा वेग वाढवला. पहिली टक्केवारी ७५. सर्व १०० बालकांपैकी ड आणि इ मिळून ५० जण वयाला अनुरूप पातळीवर बाहेर पडले. दुसरी टक्केवारी ५०. दोन्ही आकडे सोबत वाचावे लागतात. तीव्र अपंगत्व असलेली बालके अधिक असतील, तर उत्तम काम होऊनही दुसरा आकडा कमीच राहतो. पात्रतेचे निकष राज्याराज्यांत वेगळे असल्याने शेजारच्या राज्याचा आकडा उचलून आपले उद्दिष्ट ठरवणे चुकीचे ठरते.

उद्दिष्टापूर्वी पायाभूत आकडा लागतो आणि तो विश्वासार्ह असावा लागतो. प्रवेशाच्या वेळी श्रेणी उगाच कमी दिली, तर शेवटी प्रगती फुगलेली दिसते. ‘अ’ गट अनपेक्षितपणे मोठा निघाला, तर आधी नोंदी तपासाव्यात. भाषेचा आणि घराच्या रीतीचाही विचार हवा. मराठी घरात चार वर्षांच्या मुलाला आई-आजी भरवत असतील आणि ते चमच्याने खात नसेल, तर तेवढ्यावरून त्याला मागे ठरवता येत नाही. हाताने खाण्याची संधी दिल्यावर ते काय करते, हे घरच्यांना विचारावे लागते. मुलाची तपासणी शक्यतो त्याच्या मातृभाषेत करावी, असे कायदाही सांगतो.

नंतर मागील काही वर्षांचा कल पाहायचा. संख्या लहान असेल तिथे विशेष सावधगिरी लागते. तालुक्याएवढ्या एखाद्या शाळाक्षेत्रातून वर्षाला २० बालके बाहेर पडत असतील, तर एका मुलाने टक्केवारी पाच अंकांनी हलते. अशा चढउतारावरून शिक्षकांचे कौतुक करू नये आणि त्यांना दोषही देऊ नये. राज्याच्या आराखड्यात अखेरच्या वर्षाचे उद्दिष्ट पायाभूत आकड्यापेक्षा वरचे असावे, हा नियम आहे. मधल्या वर्षांत चढण हळूहळू ठेवता येते. नव्या पद्धतीचे प्रशिक्षण मिळून ती वर्गात रुजायला आणि त्या वर्गातली मुले बाहेर पडायला दोन-तीन वर्षे जातात, म्हणून सुरुवातीची वर्षे सपाट राहिली तरी ते समजण्यासारखे असते.

उद्दिष्ट ठरवताना पालकांसह संबंधितांचे मत घेणे राज्यांना बंधनकारक आहे. पालकांसमोर नुसता तक्ता ठेवून हे साधत नाही. मोजमाप कशाचे आहे, आकडा कुठून आला आणि तो वाढवण्यासाठी वर्गात काय बदलणार आहे, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगावे लागते. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मुलाला खेळताना दुसऱ्या मुलाशी बोलणे सुरू करता यावे म्हणून शिक्षिकेला कोणते प्रशिक्षण मिळणार, वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यात किती वेळा वर्गात येणार, सर्वसामान्य बालवाडीत समवयस्कांसोबत किती तास मिळणार, याची उत्तरे ठरलेली असतील तरच वाढीव टक्केवारीला आधार मिळतो.

राज्याचे उद्दिष्ट एकेका मुलावर लादायचे नसते. मुलाची ध्येये त्याच्या वैयक्तिक आराखड्यात, त्याची गरज पाहून लिहिली जातात. राज्याचा आकडा प्रौढांच्या कामाचा हिशेब मागतो, म्हणून तो चुकला तर आधी प्रशिक्षण, मनुष्यबळ आणि नोंदींची पद्धत तपासायची, आणि कारण सापडल्यावर संबंधितांशी बोलून राज्याचा आराखडा सुधारायचा.